सरोजिनीताईंच्या पंख्याची खरखर

मी एक जुना टेबलफॅन आहे. मित्रांनो, हसू नका! मोठमोठ्या नामवंतांचा घाम मी वाळवला आहे.

कारखान्यातून मी गुलमंडीच्या दुकानात आलो आणि तिथून औरंगपुऱ्यातल्या एका माडीवर. तिथे एका साप्ताहिकाची कचेरी होती आणि सरोजिनीताई त्यात मुलाखती लिहीत. नट, गायिका, पैलवान, जो कोणी औरंगाबादला येई तो ताईंसमोर बसल्याशिवाय जात नसे. पाहुणा आला की ताई आधी माठातलं पाणी देत आणि मला त्याच्याकडे वळवत. त्याचा घाम वाळला, खांदे सैल झाले, की मला बंद करत, कारण माझी खरखर टेपमध्ये भरे. मग खरे प्रश्न सुरू होत. खालचा पानवाला पुंजाराम गिऱ्हाइकांना सांगे, "पंखा बंद झाला. आता ताई सोडत नसतेत!"

मला मात्र राग येई. नांगरणी मी करायची आणि पीक टेपरेकॉर्डरने न्यायचं!

एकदा द्वारकाबाई आल्या. सिल्लोडकडच्या, नावाजलेल्या गायिका. ऐन भरात असताना त्यांनी गाणं सोडलं होतं आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. ते दिवाळी अंकात आपल्यालाच मिळावं म्हणून संपादक केशवराव देव पाण्यात घालून बसले होते. मुखपृष्ठावर बाईंचा फोटोही ठरला होता.

बालपण, गुरू, मैफली, सगळं बोलून झालं. मग ताईंनी हळूच विचारलं, "गाणं का सोडलंत?"

द्वारकाबाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात लांब करून स्वतःच माझं बटण दाबलं.

"ह्याच्या आवाजात बोलते, ताई. लई वर्षं कुणाला सांगितलं नाय. तुम्ही ऐका, टेपनं नाय."

ताई टेपरेकॉर्डर बंद करू लागल्या.

"राहू द्या की. बंद केला तर तुमचे साहेब इचारतील. पंख्याला कोण इचारतंय?"

ताईंनी टेपरेकॉर्डर टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवला. मी जीव खाऊन फिरलो. द्वारकाबाई बोलल्या, रडल्या, पदराने डोळे पुसून चहा प्यायल्या. काय बोलल्या ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी केशवरावांनी टेप लावली. नेमक्या जागी नुसती खर्र खर्र!

"अहो ताई, मुख्य गोष्टच पंख्यानं गिळली! तुम्ही तर समोर होतात. आठवून लिहा."

"टेपवर नाही ते मी छापत नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "माझा हा नियम तुम्हीच चारचौघांत मिरवता ना?"

मुखपृष्ठ बदललं. केशवरावांनी सगळा राग माझ्यावर काढला आणि या डबड्याला भंगारात टाका म्हणाले. ताईंनी मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी नेलं. आळ माझ्यावर आला होता, पण खरं सांगतो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

ताईंचं काही अडलं का? छे! ताईंच्या पोटात गोष्ट राहते, हे कर्णोपकर्णी झालं. वर्तमानपत्रवाल्यांना दारात उभं न करणारी माणसं आपणहून त्यांच्याकडे येऊ लागली.

वर्षं गेली. घरात छताचे पंखे आले, मी माळ्यावर गेलो. धूळ खाल्ली, पातं गंजलं, कोणी विचारेना. फार वाईट वाटे. परवा ताईंची भाची उमा मला भंगारवाल्याला द्यायला निघाली, तेवढ्यात काठी टेकत द्वारकाबाई दारात आल्या.

"आपला पंखा हाय का अजून?"

उमाने मला पुसलं, तेल सोडलं, बटण दाबलं. खर्र खर्र! द्वारकाबाईंनी डोळे मिटले आणि माझ्या आवाजाआड, अगदी हळू, गायला लागल्या. ताईंनी पदर तोंडाशी धरला. घरात टेपरेकॉर्डर नव्हता.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आमच्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडत जा. पण माझी खरखर पार घालवू नका. द्वारकाबाई गुरुवारी पुन्हा येणार आहेत.