पिशवी उघडेपर्यंत

फुप्फुसाच्या पेशींना माज असतो, असं बबडीचं ठाम मत झालं होतं. बबडी हे घरचं नाव, प्रयोगशाळेत ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला टेकलेली संशोधक. या पेशींच्या पोटात चिकट द्रवाच्या चिमुकल्या पिशव्या असतात. आपण खोल श्वास घेतला की पेशी ताणली जाते, पिशवी पेशीच्या पडद्याला चिकटते, दोन्ही पडदे एक होतात, तोंड उघडतं आणि द्रव बाहेर पडतो. त्याच्याच जिवावर फुप्फुस मिटून बसत नाही. ते तोंड उघडताना कॅमेऱ्यात पकडायचं, एवढ्यावर तिचा प्रबंध अडला होता. आणि उद्यापासून हा सूक्ष्मदर्शक सरांनी दुसऱ्या गटाला देऊन टाकला होता!

पेशी काचेच्या बशीत, पातळ रबरावर वाढवलेल्या. रबर ताणलं की चित्र हललंच. ते पुन्हा जागेवर आणून बघावं, तर सगळं ढिम्म. मग बबडी चरफडत बशी फेकायची आणि नवी घ्यायची.

आताही रबर ताणून तिने चित्र जागेवर आणलं, तोच फोन वाजला. तिचे हातमोजे रंगाने बरबटलेले. शेजारी काम करणाऱ्या मैत्रिणीने कनवाळूपणे फोन स्पीकरवर टाकला आणि ती चहाला सटकली.

"बबडे, जेवलीस का?"

"आई, कामात आहे गं."

"हो हो, ठेवतेच. ते आपलं नळाचं..."

झालं! नळ गळत होता. प्लंबर येतो म्हणून उगवला नव्हता. वरच्या बाईंनी कुत्रं पाळलं होतं आणि ते म्हणे त्यांच्याहून शहाणं होतं. बबडीच्या डोक्याची शीर तडतडायला लागली. नवी बशी लावायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि ते तर आईने प्लंबरच्या मागे पिटाळलं होतं. जुनीच बशी तशी ठेवून ती नुसती हूं हूं करत बसली.

स्क्रीनवर एक ठिपका उजळला. पिशवीचं तोंड उघडलं की बशीत घातलेला रंग आत शिरतो आणि ती चमकते. मग दुसरा ठिपका. मग आणखी.

"उघडली! आई, उघडली!"

"कोण गं?"

कॅमेरा सुदैवाने चालू होता. ताण बसल्यावर पिशव्यांना उघडायला वेळ लागत होता, आणि बबडी नेमकी तेवढ्यातच बशी फेकत आली होती. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली तिला, पण मोजे बरबटलेले होते.

"बरं, तुझं काम चाललंय. ठेवते मी." आईचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"थांब. काय झालं?"

"काही नाही गं, सहजच."

एरवी बबडी 'मग ठेव' म्हणून मोकळी झाली असती. आज ती फोनकडे बघत थांबली. स्क्रीनवर ठिपके उजळत राहिले, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाबा गेल्यापासून," बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "दिवसभरात मी बोलते ती फक्त तुझ्याशीच गं. आणि तू रोज कामात असतेस."