फोनवरचा टॉवेल

रेश्माला घरातलं पहिलं इंटरनेट कानानं आठवतं. आधी नंबर फिरल्याची टिकटिक, मग शिट्टी, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा खरखराट, आणि एकदम शांतता. ती शांतता झाली की अकरा वर्षांची रेश्मा रोखून धरलेला श्वास सोडायची. लागलं! मग शनी ग्रहाचं चित्र वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरायचं. त्याची कडी अर्धी दिसेपर्यंत वाटीतला चिवडा संपलेला असायचा.

फोनची लाइन एकच होती. नेट चालू असलं की बाहेरून फोन लागत नसे, आणि घरात कुणी रिसीव्हर उचलला की नेट तुटे. म्हणून तिच्या वडिलांनी, रामहरी गुरुजींनी, नियम घालून दिला होता. नेटवर बसणाऱ्यानं फोनवर लाल टॉवेल टाकायचा, उठताना काढायचा. शेजारणीसुद्धा टॉवेल बघून विचारायच्या, "कोण बसलंय गं आत?"

२००१ सालच्या जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या दिवशी रेश्मा साडेपाचपर्यंत नेटवर बसली. मग तिनं ते बंद केलं, थंडी होती म्हणून फोनवरचा टॉवेलच कानाला गुंडाळला आणि वडिलांचं बोट धरून होम मैदानाकडे निघाली. सहा वर्षांनी मोठा भाऊ अभिमन्यू बारावीला होता. तो मित्रांबरोबर जाणार म्हणाला. आई, मुक्ताबाई, घरीच थांबली.

त्याच संध्याकाळी वैरागला, आईच्या माहेरी, आजीचं, केराबाईंचं, एकाएकी बिघडलं. जोतिराममामा स्टँडवरच्या बूथवरून सहापासून साडेआठपर्यंत सोलापूरचा नंबर फिरवत राहिले. दर वेळी एंगेज. "मुक्ता आली का?" असं विचारत विचारत आजी गेली. सकाळी पहिल्या एसटीनं माणूस निरोप घेऊन आला.

वैरागला, भरल्या घरात, आई म्हणाली, "ह्या पोरीनं नेट चालूच ठेवलं आन् गेली जत्रंला. टावेल तसाच फोनवर."

"आई, टॉवेल माझ्या कानाला होता."

"दुसरा आसंल. तुला काय कळतंय?"

अभिमन्यू भिंतीला टेकून उभा होता.

मामा रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी भाचीला कधी नावानं हाक मारली नाही. पुढं प्रत्येक लग्नाकार्यात, "आली का फोनवाली?" एवढंच. लोक हसायचे, रेश्माही हसायची. रात्री अंथरुणात मात्र ती तो टॉवेल आठवून बघायची. लाल होता की निळा? खरंच काढला होता का? पाच-सहा वर्षांत तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला. कॉम्प्युटरला ती परत शिवली नाही, तो अभिमन्यूचा झाला. पुढं तो पुण्याला मोठ्या कंपनीत लागला. रेश्मा सोलापुरात शिक्षिका झाली. वडील गेल्यावर हैदराबादची चांगली नोकरी आली, एक स्थळ आलं, दोन्हींना तिनं नाही म्हटलं. आईची तिच्या आईशी शेवटची भेट आपल्यामुळं झाली नाही, आता आईला एकटं कसं सोडायचं?

यंदा संक्रांतीला अभिमन्यू बायको-मुलीला घेऊन आला. दुपारी सगळे शेंगापोळी खात बसले होते. बारा वर्षांची प्रियदर्शनी म्हणाली, "पप्पा, तुमच्या वेळी नेट कसं होतं?"

"तुझी आई मला नेटनंच मिळाली," अभिमन्यू ऐटीत म्हणाला.

"मिळाली म्हणे! मीच आधी मेसेज केला होता," सोनाली हसली. "मी सात रस्ता चौकात माझ्या पप्पांच्या ऑफिसात बसले होते. बाहेर दारूकाम सुरू झालेलं, आणि हा विचारतोय, आकाशात आत्ता कोणता रंग आहे सांग. स्वतः घरात बसलेला!"

"सगळं गाव गड्ड्यावर, आणि मी तुझ्यासाठी अडीच तास त्या खुर्चीत. टॉवेलसुद्धा सापडत नव्हता फोनवर टाकायला. शेवटी आईनंच तिचं जुनं पातळ टाकलं. म्हणाली, बस तू, अभ्यासाचं बघतोयस न्हवं..."

तो थांबला. त्याचं त्यालाच कळलं.

"अडीच तास? मम्मी, काय लिहीत होता एवढं?" प्रियदर्शनी खिदळली. बाकी कुणी हसलं नाही.

रेश्मानं ताटली खाली ठेवली. "आई, पातळ तू टाकलंस?"

मुक्ताबाई पोळीचा तुकडा मोडत राहिल्या.

"टॉवेल माझ्या कानाला होता, आई."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "हुता."

"तुला माहीत होतं."

"जोतिरामदादाम्होरं काय सांगू मग? माज्या हातानं फोन झाकला म्हणून माजी आय मला दिसली न्हाय, आसं सांगू?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच पडला. "तू ल्हान हुतीस. लेकरू म्हणून सोडतील, वाटलं. इसरशील, वाटलं."

"मी पस्तीस-छत्तीसची झाले. अजून फोनवाली आहे."

"रेशमे, जाऊ दे ना," अभिमन्यू म्हणाला. "मी तेव्हा घाबरलो होतो गं. आता इतक्या वर्षांनी..."

"दादा, तू भिंतीला टेकून उभा होतास. मला दिसत होतास."

तिनं मोबाईल काढला, मामांचा नंबर लावला आणि आईच्या हातात दिला. "सांग."

पलीकडून मामांचा थकलेला आवाज आला. "कोण? मुक्ता? काय गं?"

मुक्ताबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"दादा, जेवलास का?" त्या म्हणाल्या. "गुडघं काय म्हणत्यात? ...व्हय. हुरडा झाला का औंदा? ...न्हाय, काय न्हाय. सहजच केला." फोन त्यांनी उलटा करून चटईवर ठेवला. "त्येचं वय झालंय. आता कशाला त्येला तरास?"

रेश्मा उठली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. तिनं कपाटावरची बॅग ओढून काढली, फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली.

"दादा, रविवारी जाताना आईला घेऊन जा."

"अगं, असं एकदम? आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर..."

"लिफ्ट आहे. तूच सांगितलं होतंस वास्तुशांतीला."

"मला न्हाय करमायचं तितं," मुक्ताबाई पुटपुटल्या. "रेशमे, आगं..."

रेश्मानं सोनालीला हाक मारली, औषधांचा डबा उघडला आणि समजावायला लागली. "ही पांढरी सकाळी, उपाशीपोटी. ही जेवणानंतर. आणि ही घेतेय की नाही ते समोर उभं राहून बघ. घेतली म्हणून सांगते, घेत नाही."