लाल दोऱ्याखालचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. तळ्याच्या काठाला, गवताळ उथळ पाण्यात उभा. अंगावर काळ्या रेघा आणि आकडे आहेत. तळ्यात पाणी किती, एवढंच मला सांगता येतं. पण जे सांगतो ते खरं सांगतो, असं सगळे म्हणायचे आणि मी कान टवकारून ऐकायचो.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. टणक लाकूड निवडलं, डांबराचे दोन हात दिले आणि पायाशी चहूबाजूंनी मोठे दगड रचले. "खांब उभा राहतो तो दगडांच्या जिवावर," असं तो मदतनीसाला म्हणाला होता. तेव्हा मला ते फारसं पटलं नव्हतं.

समोरच्या बांधावर तळ्याचा दरवाजा आहे. त्याचं लोखंडी चाक फिरवलं की पाणी शहराकडे जातं. ते चाक सांभाळणारा माणूस इथे गळ टाकायला येणाऱ्या शिंप्याचा जावई. सासऱ्याला पाण्याचं वेड आणि जावयाच्या हाती पाणी, म्हणून लग्नात लोकांनी थट्टा केली होती की शिंप्याने मुलगी तळ्यालाच दिली.

ऊन वाढून पाणी कोमट झालं की मासे माझ्या पायाशी येतात. वीतभर पाण्यातल्या गवताला अंडी चिकटवतात आणि निघून जातात. पुढचे पंधरा दिवस गळवाल्यांपैकी कोणी काठावर फिरकत नाही. गळ घरी खुंटीला टांगलेले असतात. "बाळंतिणीच्या खोलीत डोकावू नये," असं शिंपी म्हणायचा, आणि ते सगळे पाळायचे.

तळ्याचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाला मात्र असं काही नव्हतं. तीन वर्षं नेमका त्याच दिवसांत दरवाजा उघडला. गवत उघडं पडलं, अंडी वाळली. मग कार्यालयाने पिंपांतून विकतची पिल्लं आणून सोडली आणि फोटो काढले. ती आठवडाभरही टिकली नाहीत. अंडी वाळवायची आणि पिल्लं विकत आणायची, हा कुठला शहाणपणा, असं विचारत गळवाल्यांनी कार्यालयाचे उंबरे झिजवले. चौथ्या वर्षी साहेब कंटाळून म्हणाले, "ठीक आहे. पंधरा दिवस पाणी राखू. पिल्लं दिसली तर कायमचा नियम करतो. नाही दिसली तर हा विषय घेऊन पुन्हा यायचं नाही."

मासे अंडी घालून गेले त्या दिवशी शिंपी पाण्यात उतरला. पाणी माझ्या अंगावर जिथे टेकत होतं, तिथे त्याने लाल दोरा घट्ट बांधला.

"जावईबापू," तो म्हणाला, "दोऱ्याच्या वरचं पाणी शहराचं. खालचं माशांचं."

"मामा, दोऱ्याखाली बोटभरही उतरू देणार नाही."

मित्रांनो, आता जे सांगायचं ते सांगताना मला लाज वाटते. थंडीच्या दिवसांत कार्यालयाच्या मजुरांनी माझ्या पायाशी असलेले दगड उपसून नेले होते. त्यांना नवी पाटी रोवायची होती. पाटीवर लिहिलं होतं, 'तळ्याची काळजी घ्या'. शिंप्याने तेव्हाच कारकुनाला सांगितलं होतं आणि कारकुनाने मान डोलावली होती.

दोरा बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी मी चिखलात खचू लागलो. रोज थोडा थोडा, कोणाला कळणार नाही असा. माझ्याबरोबर दोराही पाण्याखाली गेला. बांधावरून जावयाने पाहिलं आणि तो खूश झाला. त्याला वाटलं, तळ्यात येणाऱ्या ओढ्याचं पाणी वाढलं. त्याने दोरा दिसेपर्यंत चाक फिरवलं. मी पुन्हा खचलो, त्याने पुन्हा फिरवलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाबा रे, पाणी वाढलं नाही, मी बुडतोय. गळवाले असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं. पण ते बिचारे शब्द पाळून घरी बसले होते.

सोळाव्या दिवशी शिंपी हसत आला. गवत कोरडं होतं. त्याने एक पातं हातात घेऊन चोळलं, तर अंड्यांचा भुगा झाला.

"दोरा खाली सरकवलात तुम्ही," तो चारचौघांत जावयाला म्हणाला. "नोकरीपुढे सासऱ्याचा शब्द काय हो!"

शिंपी तरातरा माझ्याकडे आला आणि त्याने दोऱ्याला हात लावला. गाठ त्याचीच होती, जागची हललेली नव्हती. मग त्याने मला धरून हलवलं. मी डुगडुगलो. त्याने गळ्यातली टेप काढून माझी चिखलावरची उंची मोजली. मी वीतभर कमी भरलो.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "दोरा बांधला, पण खांब हलवून नाही पाहिला."

"मामा, मला आधी विचारायचं तरी होतंत."

शिंपी तडक कार्यालयात गेला. साहेबांना त्याने सगळं समजावलं. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "खांब खचल्याची नोंद नाही. पाणी राखलं, पिल्लं झाली नाहीत. विषय संपला."

यंदाही मासे आले, थोडेच. त्याच गवतात अंडी घालून गेले. नियम नाही हे माहीत असूनही शिंपी पाण्यात उतरला. माझ्या पायाशी त्याने स्वतः दगड रचले, मला हलवून पाहिलं आणि नवा दोरा बांधला. चाकाजवळ जावई हुकमाचा कागद घेऊन उभा होता. तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने चाक फिरवलं.

पाणी दोऱ्याखाली गेलं. मी तसूभरही हललो नाही, अगदी खरं सांगत उभा राहिलो, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

जावई बांधावरून खाली आला. "मामा, घरी चला."

"जावईबापू, मासे परत येऊन बघतात का हो, अंडी कशी आहेत ते?"

"माहीत नाही, मामा."

"नसतील बघत तर बरं."

मित्रांनो, ज्याच्या सांगण्यावर तुम्ही विसंबता, त्याच्या पायाशी वेळेवर वाकून बघत जा. माझ्या अंगावर दोन दोरे आहेत. जुना खाली पाण्यात, अजून ओला आहे. नवा कोरडा.