बुधवारी वर कोण येतं?

डेल्मर हौगेनने सत्तावीस प्रश्न काढले होते. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला यादी केल्याशिवाय दुकानातून बटाटे आणता येत नाहीत, आणि हा तर डोंगराचा मामला होता. येत्या ऑक्टोबरात तो आणि त्याचा मेहुणा ऑरिन पिकेट पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला स्वतःच्या पायांनी जाणार नव्हते. एकतीस हंगाम दोघांनी तंबू पाठीवरून वर नेला होता आणि घोड्याच्या उंचीचं ते हरीण चार-चार खेपा करून, तुकड्यातुकड्यांनी, खाली आणलं होतं. आता डेल्मरचे गुडघे बासष्ट वर्षांचे झाले होते आणि ऑरिन तर सगळाच्या सगळा चौसष्टचा.

म्हणून तांडेवाला बघायचं ठरलं. तांडेवाला म्हणजे खेचरांवर सामान लादून तुम्हाला चौदा मैल आत नेणारा माणूस. तो तंबू ठोकतो, चूल मांडून देतो, हॅटला हात लावतो आणि निघून जातो. पुढच्या शनिवारी न्यायला येतो. मधे एकदा, बुधवारी, डोकावतो. तुम्ही काही मारलंय का आणि तुम्ही जिवंत आहात का ते बघायला, याच क्रमाने.

डेल्मरचे सव्वीस प्रश्न कुठल्याही शिकाऱ्याने विचारले असते. तंबू गळतो का, त्याच दरीत आणखी किती तळ टाकता, मांस कुजायच्या आत खाली आणता का. सत्ताविसावा त्याने वहीत सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात लिहिला होता: एखाद्याची तब्येत बिघडली तर?

त्याचं कारण जानेवारीत घडलं होतं. ऑरिन त्याच्याकडे बर्फ उपसायला आला होता. डेल्मर कॉफी घेऊन बाहेर आला तेव्हा फावडं उभं होतं आणि ऑरिन आडवा. तोंड बर्फात, एक हात छातीखाली. डेल्मरने त्याला उताणा केला तेव्हा त्याचा चेहरा शिळ्या राखेसारखा झाला होता. मिनिटभराने त्याने डोळे उघडले.

"घसरलो," ऑरिन म्हणाला.

"घसरलास? मी हाका मारत होतो तुला."

"मग जोरात घसरलो असेन."

कॉफीचे दोन घोट गेल्यावर खरं बाहेर आलं. हे तिसऱ्यांदा होतं. आधी छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं, मग अंधारी. लव्हॉनला, म्हणजे ऑरिनच्या बायकोला आणि डेल्मरच्या सख्ख्या बहिणीला, यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तिला सांगायचं नाही, मास्तर. शपथ घे."

"अरे, डॉक्टरला तरी दाखव."

"दाखवणारच आहे. नोव्हेंबरात. आत्ता गेलो तर तो मला खुर्चीत बसवून ठेवील, आणि ऑक्टोबर हुकेल. एकदा हंगाम होऊ दे, मग त्याने मला चिरून आत काय हवं ते बघावं."

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. त्यांच्या गावात वाटत नाही. तिथे लग्नाची तारीख काढताना आधी शिकारीचं कॅलेंडर बघतात, आणि पाद्रीबाबांनी स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं सगळ्यांना ठाऊक आहे. हृदयाने ऑक्टोबरपर्यंत थांबावं ही अपेक्षा त्या मानाने माफकच होती. डेल्मरने शपथ घेतली. घेताना त्याला वाटलं, नऊ महिने आहेत, बघू. नऊ महिन्यांत माणूस बराच काळ बघत राहू शकतो.

फेब्रुवारीत दोघं शहरातल्या शिकारीच्या प्रदर्शनाला गेले. तिथे थॅड रस्क नावाच्या तांडेवाल्याचा स्टॉल सगळ्यांत मोठा होता. मागे भिंतभर पेंढा भरलेली शिंगांची मुंडकी, पुढे वाडगाभर लिमलेटच्या गोळ्या, आणि मधे स्वतः रस्क. त्याचे दात आणि त्याच्या पट्ट्याचं बक्कल यांत जास्त काय चमकतं हे सांगणं कठीण होतं.

"आमच्या तळावर रिकामा कोणी परतत नाही," रस्क म्हणाला.

"कोणीच नाही?" डेल्मरने वही उघडली.

"नाव सांगा एखाद्याचं!"

ते डेल्मरकडे नव्हतं, कारण तेच तो विचारायला आला होता. जुन्या गिऱ्हाइकांची नावं घेताना, ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांची मागून घ्यायची, हे तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांचं तंत्र. ज्याच्या भिंतीवर मुंडकं टांगलंय तो तांडेवाल्याच्या खेचरांचीही तारीफ करतो. खरं बोलतो तो रिकाम्या भिंतीचा माणूस.

"बरं, आणि वर कोणाची तब्येत बिघडली तर? समजा, गुरुवारी?"

"अहो साहेब, तिथली हवाच अशी आहे की माणूस आजारी पडायचं विसरतो."

ऑरिन खदखदून हसला. जरा जास्तच. "ऐकलंस, मास्तर? विसरतो म्हणे! हाच आपला माणूस."

रस्कचा अर्ज एका पानाचा होता. नाव, बुटाचं माप, आणि खाली सही, की जे काही होईल त्याला मी स्वतः जबाबदार. ऑरिनने तिथल्या तिथे पेन मागितलं. डेल्मरने अर्ज घडी करून खिशात घातला आणि आणखी एक ठिकाण बघायचंय म्हणाला.

हे ठिकाण म्हणजे मार्व्हा ट्वेट नावाची तांडेवाली. ती प्रदर्शनात नव्हती. तिचा नंबर पेंडीच्या दुकानात, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. डेल्मरने वही समोर ठेवून फोन लावला, पण पहिला प्रश्न तिनेच टाकला.

"वजन किती?"

"माझं?"

"नाही, गव्हर्नरचं. तुमचंच हो."

"दोनशे दहा पौंड."

फोनवर शांतता.

"दोनशे चोवीस," डेल्मर म्हणाला.

"बरं. माझ्या घोड्यांना खोटं बोललेलं पाठीवर कळतं. आता विचारा तुमचं काय ते."

तिने सव्वीस उत्तरं अशी दिली, जणू ती गिऱ्हाईक परतवायलाच बसली होती. तंबू एका कोपऱ्यात गळतो, तिथे झोपू नका. त्या दरीत दुसरा तळ नाही, पण एल्कही दर वर्षी असतातच असं नाही. सत्ताविसाव्याला ती थांबली.

"मी बुधवारी येते. त्या दिवशी काही झालं तर मी आहे. बाकीच्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत तरी मला नऊ तास लागतात. हेलिकॉप्टर त्या घळीत उतरत नाही, ते उतरतं तीन मैल खाली, कुरणात. तिथवर माणूस कोण आणणार? तुम्ही. ज्याला हे चालत नसेल त्याने येऊ नये, मला राग येत नाही."

रिकाम्या हाताने परतलेल्यांची चार नावं तिने न मागता दिली. त्यातला एक स्पोकेनचा दाताचा डॉक्टर होता. तो डेल्मरच्या फोनची जणू वर्षभर वाट बघत होता.

"त्या बाईचं नाव काढू नका! बुधवारी आली, आमच्या सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, म्हणाली, यांचा रंग मला आवडत नाही. आणि चढवलं की म्हाताऱ्याला खेचरावर! आमचाही गाशा गुंडाळला. तीन दिवस शिल्लक होते. तंबूमागे रोज पहाटे एल्कचा नर शीळ घालत होता हो, रोज! मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता."

"आणि सासरे?"

"त्यांना काय झालंय? दर रविवारी जेवायला येतात," डॉक्टर कडवटपणे म्हणाला.

डेल्मरने हे 'तक्रारी' या रकान्यात लिहिलं. मग बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला. मग खोडलं, आणि 'जमेच्या बाजू' या रकान्यात लिहिलं.

त्या आठवड्यात त्याला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. मार्व्हा बुधवारी येईल, ऑरिनच्या तोंडाकडे बघेल, आणि जे बोलायचं ते बोलेल. शपथ मोडणार नाही, मेहुणा मरणार नाही, आणि डेल्मर हौगेनला तोंड उघडावं लागणार नाही. सात दिवसांत बुधवार एकच येतो, हे गणित शाळेतल्या कुठल्याही पोराने त्याला करून दाखवलं असतं. ते त्याने केलं नाही.

ऑरिन कुरकुरला, पण ऐकलं. "ती बाई पोलीस आहे, मास्तर. पण दरी चांगली आहे." मार्व्हाच्या अर्जाला चार पानं होती. तिसऱ्या पानावर तब्येतीचे चौदा प्रश्न होते, आणि ऑरिनने चौदाही ठिकाणी 'नाही'वर खूण केली, एका दमात, रांगेने, जसा डेल्मरच्या वर्गातला एखादा उनाड मुलगा करायचा. तो मुलगा निदान मधे एखादं चुकून बरोबर आणायचा.

अर्ज पोचल्यावर मार्व्हाचा फोन आला. "कागद बघितले. कागदावर सगळेच ठणठणीत असतात. म्हणून मी म्होरक्याला तोंडी विचारते. तुमच्या दोघांपैकी कोणाबद्दल मला काही माहीत असायला हवं का?"

खिडकीतून डेल्मरला अंगण दिसत होतं. बर्फ वितळायला लागला होता.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

"बरं. मग सप्टेंबरात बोलू."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याने अख्ख्या राज्यातून निवडून निवडून एक असं माणूस शोधलं होतं की ज्याच्याशी खोटं बोलायची गरज नव्हती, आणि मग त्याच्याशीच खोटं बोलला. रस्कशी खोटं बोलावं लागलं नसतं. त्याने विचारलंच नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर डेल्मर नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला गेला. लव्हॉनने गेल्या हंगामातल्या एल्कचा शेवटचा भाग ओव्हनमध्ये भाजायला ठेवला होता. ऑरिन टेबलाशी बसून नकाशावर दरी मोजत होता. तो थोडा बारीक झाला होता. डेल्मरला हे आज दिसलं की आज त्याने बघितलं, कोण जाणे.

"डेल, बटाटे घे," लव्हॉन म्हणाली. "आणि तुला एक सांगू का? यंदा मला काळजी नाही. हा वेडा त्या गोळ्या वाटणाऱ्याकडे चालला होता. मी म्हटलं, डेल निवडतोय ना, मग झालं. डेल सगळं विचारतो."

"पकवतो म्हण," ऑरिन म्हणाला. "त्या बाईने याच्याशी बोलून घोडा विकायला काढला असेल."

लव्हॉन हसली. डेल्मरने बटाट्यांचं भांडं हातात घेतलं होतं. ते त्याने तसंच खाली ठेवलं.

"लव्हॉन," तो म्हणाला, "ऑरिन जानेवारीत माझ्या अंगणात बेशुद्ध पडला होता. छाती दुखून. त्याआधी दोनदा."

ऑरिनने नकाशावरून डोकं वर केलं नाही. फक्त बोट थांबलं, दरीच्या मध्यावर.

"घसरलो होतो," तो म्हणाला.

"ऑरिन." लव्हॉनचा आवाज अगदी साधा होता. "माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं.

"किती वेळा?"

"अगं, नोव्हेंबरात दाखवणारच होतो. हंगाम संपल्या संपल्या."

"किती वेळा, ऑरिन?"

"पाच," तो म्हणाला.

डेल्मरला तीनच माहीत होत्या.

लव्हॉनने उठून ओव्हन बंद केला. मांस आतच राहिलं. मग ती भावाकडे वळली. "जानेवारी. आज मार्चची नऊ तारीख. मधे तू किती लोकांना फोन केलेस, डेल?"

"बऱ्याच."

"स्पोकेनला केलास. त्या दंतवैद्याची गोष्ट तू मला इथेच बसून सांगितलीस, आणि मी हसले." तिने ऑरिनचा कोट खुंटीवरून काढला आणि त्याच्या अंगावर टाकला. "घाल. तू पण चल, डेल. वाटेत हा पडला तर मला एकटीला उचलता येणार नाही. उचलायची सवय तुला आहे."

हॉस्पिटल सत्तर मैलांवर होतं. पिकअपला एकच सीट. लव्हॉन गाडी चालवत होती, ऑरिन मधे, डेल्मर दाराशी. वीस मैल मागे पडले.

"त्या बाईला कळवशील ना आता," ऑरिन समोर बघत म्हणाला.

"उद्या सकाळी."

"दुसरा कोणी जोडीदार बघ. दरी फुकट घालवू नकोस."

"मी जात नाहीये."

"मग तू गाढव आहेस." त्याने कोटाची कॉलर वर ओढली. "मी बरा होऊन आलो ना, मास्तर, तरी तुझ्याबरोबर डोंगरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. हे ऐकून ठेव."

"ऐकलं," डेल्मर म्हणाला.

वळणापलीकडे नदीकाठच्या गवतात एल्कचा कळप उतरला होता, साठ-सत्तर माद्या, हिवाळ्याने खंगलेल्या, पाठीवरचे केस झडत आलेल्या. एकतीस वर्षांत असा कळप दिसला आणि ऑरिनने मोठ्याने मोजला नाही, असं झालं नव्हतं. लव्हॉननेही गाडी किंचित हळू केली.

ऑरिन वळला नाही. त्याची हनुवटी कॉलरवर टेकली होती आणि डोळे मिटलेले होते. रुसला असेल, डेल्मरने स्वतःला सांगितलं. रुसण्याइतकं कारण होतंच. तरी त्याने ऑरिनच्या कोटाच्या दुसऱ्या बटणावर नजर लावली. बटण वर गेलं. खाली आलं. मग जरा थांबल्यासारखं वाटलं, आणि पुन्हा वर गेलं.

"लव्हॉन," तो म्हणाला, "जरा वेगात घे."