पंखा चालू आहे

माझी मुलगी रसायनशास्त्रात विद्यापीठात पहिली आली आणि तिचं सुवर्णपदक अडलं ते माझ्या सह्यांमुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

मी त्याच विभागात लॅब अटेंडंट. बावीस वर्षं काचेची भांडी घासतेय. सगळे मला मावशी म्हणतात, कारण मावशी म्हटलं की कुठलंही काम सांगायला मोकळे. लॅबच्या कोपऱ्यात ॲसिडच्या वाफा बाहेर ओढणारा मोठा पंखा आहे. तो नीट चालतो का, हे दर शनिवारी रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, हेही मावशीचंच काम. पोरीने पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला त्याच महिन्यात तो बंद पडला. मी प्रामाणिकपणे 'बंद' लिहिलं. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून ती ओळ खोडायला लावली.

"दुरुस्तीचा अर्ज गेलाय, मावशी. तपासणीवाले आले तर उगाच नाचक्की. आणि आता तुमची मुलगीही इथेच आहे ना?"

त्या शेवटच्या वाक्यानंतर मी मुकाट पेन उचललं. तेव्हापासून तीन वर्षं मी डोळ्यांवर कातडं ओढून लिहीत गेले: पंखा चालू आहे.

शेवटच्या वर्षी प्रयोग करताना एक मुलगी चक्कर येऊन पडली. माझ्या पोरीने लेखी तक्रार केली. सह्या करतो म्हणणाऱ्या बाकीच्या शूरवीरांनी ऐन वेळी शेपूट घातली, म्हणून अर्जावर नाव एकटीचं राहिलं. निकाल लागल्यावर कळलं की पदकाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो आणि तो विभागप्रमुख देतात. त्यांनी शेरा मारला: खोटी तक्रार करून विभागाची बदनामी केली.

पदकाचा निर्णय करायला विद्यापीठाची समिती बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. समोर रजिस्टर उघडं होतं.

"दीडशेच्या वर सह्या आहेत तुमच्या," ते हसत म्हणाले. "मुलीला समजवा. दोन ओळींचं माफीपत्र देऊ दे. पदकही मिळेल, तुमची नोकरीही राहील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या त्या इस्त्रीच्या सदऱ्यावर शाईची दौत ओतावीशी वाटली. पण तोंडातून आलं ते नेहमीचंच, "बघते, सर." स्वतःच्या या गरीब गायीसारख्या आवाजाचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

घरी येऊन मी पोरीला म्हटलं, "लिहून टाक बाई दोन ओळी. काय बिघडतं?"

"पंखा बंद आहे, आई. रोज बघतेस ना तू?"

"बघते."

"मग माफी कसली मागू?"

रजिस्टरचं तिला सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी लांबलचक टेबलामागे तिघे जण बिस्किटं खात बसले होते. विभागप्रमुख बाजूच्या खुर्चीत. मला साक्षीला भिंतीपाशी उभं केलं होतं. अध्यक्ष मॅडमनी रजिस्टर पोरीपुढे सरकवलं. माझं अक्षर ती झोपेतही ओळखेल. तिने चार पानं उलटली आणि वही मिटली.

"तुझं काय म्हणणं आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

तीन वर्षं एकटीने नेटाने अभ्यास केलेली, कुणापुढे मान न झुकवणारी माझी लेक माझी नोकरी वाचवायला गप्प बसली. मग मला राहवलं नाही.

"सही माझी आहे, पण मजकूर या सरांचा," मी म्हटलं. "पंखा तीन वर्षं बंद आहे. लॅब खालच्याच मजल्यावर आहे. चला आत्ता, बटण दाबून बघा."

कुणी जागचं हललं नाही. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत राहिले.

"पंखा हा आजचा विषय नाही," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही खोट्या नोंदी केल्यात, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. आणि करायला कुणी लावल्या, हेही लिहून घ्या."

त्यांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्याला पेन उचललं नाही. वाद उद्भवल्यामुळे यंदा पदक कुणालाच नाही, असं ठरलं. मला नोटीस मिळाली. विभागप्रमुखांना चहा मिळाला.

जिना उतरताना मी त्या सगळ्यांचा मनसोक्त उद्धार केला. पोरगी एक शब्द बोलत नव्हती. मला वाटलं, पदकाचं दुःख असेल. "तुझं पदक मी घालवलं," मी म्हटलं, "मला बोल काय बोलायचं ते."

ती पायरीवर थांबली.

"पदक गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "तीन वर्षं त्या वाफांमध्ये मी उभी होते, आई. तू मला बघत होतीस आणि सही करत होतीस."