शेवटच्या दहा मिनिटांतला बाबा

"तिला ते सिनेमे दाखवू नकोस," असं सासूबाईंनी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटाला बजावलं होतं. "पोर सगळं खरं धरून चालते."

"अहो आई, त्यात कुत्रा बोलतो," ब्रिटा म्हणाली होती. "तेही खरं धरेल का ती?"

सासूबाईंनी खांदे उडवले आणि विषय सोडला. मिनेसोटात याला कडाक्याचं भांडण म्हणतात.

सहा वर्षांच्या टिल्डानं महिनाभरात नाताळचे एकोणीस सिनेमे पाहिले. कुत्र्याचं तिनं मनावर घेतलं नाही. पण शेवटची दहा मिनिटं उरली की प्रत्येक सिनेमात मूल गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फ फुटायचा आणि कामात अडकलेला बाप कुठूनसा धावत येऊन त्याला बाहेर ओढायचा. बापाच्या गळ्यात टाय असायचा. नंतर कोणालाच सर्दी होत नसे.

टिल्डाचा बाबा, वेड, ट्रक चालवायचा. नाताळच्या आदल्या दिवशी तो नॉर्थ डकोटात हिमवादळात अडकला. महामार्गाचं फाटक बंद, मागे ट्रकांची रांग. "घरी यायला नाही जमायचं गं," त्यानं सकाळी फोनवर सांगितलं. टिल्डानं ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर बूट चढवले आणि घरामागच्या तळ्याकडे निघाली.

ब्रिटानं तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. एरवी पोर शिंकली तरी ती थर्मामीटर शोधायची. पण तळ्याची भीती गावात कोणालाच नव्हती. बर्फ हातभर जाड. त्यावर गाड्या उभ्या होत्या, बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या खोपट्यांची गल्लीच वसली होती. शेजारच्या आर्नीकाकाच्या खोपट्यात कोको प्यायला चालली असेल, असं म्हणून ब्रिटा बटाट्याच्या पोळ्या लाटत राहिली.

अर्ध्या तासानं आर्नी काडेपेटी मागायला दारात आला.

"टिल्डाला एकटीलाच ठेवून आलात?"

"टिल्डा? माझ्याकडे कुठे आलीय?"

तळ्याच्या मधोमध टिल्डा मांडी घालून बसली होती. बाहेर उणे वीस. सिनेमात वाचवताना हात धरतात तो उघडा असतो, म्हणून तिनं हातमोजे काढून ठेवले होते.

"फुटतच नाहीये," ती म्हणाली.

"चल घरी."

"तू नको! तू कशाला आलीस? बाबा यायचाय!"

ब्रिटानं तिला उचललं आणि दोनशे पावलं चालत घरी आणलं. सुटका एवढीच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आज जरा गारवा आहे," आर्नी म्हणाला.

बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. सासूबाईंनी ती कोमट पाण्यात धरली. 'सांगितलं होतं ना' हे त्या बोलल्या नाहीत, आणि ब्रिटाला तेच जास्त लागलं. हळूहळू बोटं लाल झाली, टिल्डानं भोकाड पसरलं.

"रडतेय ना? मग शाबूत आहेत," सासूबाई म्हणाल्या.

रडं ओसरल्यावर टिल्डानं विचारलं, "मग बाबाला कोण काढणार?"

"कुठून?"

"वादळातून."

एकोणीस सिनेमांत हा प्रसंग नव्हता. सकाळी ट्रकचा हीटर चालू आहे का, एवढंही ब्रिटानं वेडला विचारलं नव्हतं. तिनं तीनदा फोन लावला. उचलला नाही. मग ट्रकचालक रस्त्यांची खबर टाकतात त्या इंटरनेटवरच्या पानावर तिनं लिहिलं:

'हे वाचणारे कोणी नॉर्थ डकोटात महामार्गाच्या बंद फाटकापाशी अडकले असाल, तर रांगेत एक हिरवा ट्रक शोधा. दार ठोका. आतला माणूस "मी मजेत आहे" म्हणेल. तेवढ्यावर माघारी फिरू नका. काच खाली करायला लावा, आणि आत ऊब आहे का ते स्वतः हात घालून बघा.'