सोड मला

भिंगरी साडेचार वर्षांची. दिवसभर स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून आईनं तिला हे नाव ठेवलं होतं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. तिचा बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. आईला नुकतीच पावाच्या कारखान्यात रात्रपाळी लागली होती. तिला दिवसा झोप मिळावी म्हणून भिंगरीला पूर्ण दिवसाच्या शाळेत घातलं होतं. संध्याकाळी बाबा यायचा तेव्हा आई निघायची. दारात गाठ पडायची, तेवढीच.

थोड्याच दिवसांत ते पहिल्यांदा झालं. भिंगरीला झोपून तास-दीड तास झाला असेल. बाबा भांडी घासत होता, तेवढ्यात आतून किंकाळी आली. तो ओल्या हातांनीच धावला. भिंगरी गादीवर उभी होती, डोळे सताड उघडे, केस घामानं कपाळाला चिकटलेले. त्यानं उचलून घेतलं तशी ती त्याच्या छातीवर लाथा झाडायला लागली.

"सोड मला. नको. सोड."

"अगं, मी आहे, बाबा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण मागची भिंत बघावी तसं. तो जितकं घट्ट धरी तितकी ती जास्त किंचाळे. मग एकाएकी अंग सैल सोडून ती झोपली आणि चक्क घोरायला लागली. बाबा मात्र रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिला.

सकाळी तिला काहीच आठवत नव्हतं. दूध पिता पिता तिनं विचारलं, "बाबा, तुझे डोळे टोमॅटोसारखे का झालेत?"

पुढे ते जवळजवळ रोजचंच झालं. बाबाला अंधार पडायच्या आधीपासून धाकधूक व्हायची. ती झोपली की तो खोलीच्या दारात बसून राही. तिनं कूस बदलली तरी तो उठून उभा राही. दुकानात त्यानं एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. मालक म्हणाला, "अरे बाबा, आधी स्वतःचे डोळे तपासून घे."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या जिन्यात भेटल्या की पूर्वी भिंगरीच्या गालाला हात लावत. आता तिच्या कोपरांकडे, गुडघ्यांकडे निरखून बघू लागल्या.

बाबानं बायकोला सांगितलं होतं, पण दारातल्या दारात सांगून किती कळणार? ती म्हणाली, "स्वप्न पडत असेल रे. तू चिडत नाहीस ना तिच्यावर?"

"चिडायला तिला ऐकू तरी आलं पाहिजे."

अखेर तिनं एका दिवसाची रजा काढली. त्या दिवशी भिंगरीलाही शाळेत पाठवलं नाही. मायलेकी दुपारी एकमेकींच्या कुशीत गाढ झोपल्या. रात्री दोघं दारात बसून राहिली. भिंगरी हूं की चूं न करता सकाळपर्यंत झोपली.

"बघ," बायको म्हणाली, "मी असले की काही होत नाही." बोलून गेल्यावर तिलाच ते खटकलं. बाबा अंथरुणं गुंडाळायला लागला. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा शाळेत गेली, बायको पुन्हा कामावर. पावाच्या पिशव्या बांधत असताना तिचा फोन वाजला. बाई होत्या.

"तुम्ही घरी या. तुमची मुलगी 'सोड मला' म्हणून ओरडतेय. मला राहवत नाही आता."

मुकादमाला सांगून, डोक्यावरची जाळी न काढता ती धावत सुटली. जिन्यावर बाई उभ्या होत्या. वरून आरोळ्या येत होत्या. तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं.

भिंगरी खोलीच्या कोपऱ्यात होती. बाबा तिच्यापासून चांगला हातभर लांब, जमिनीवर बसला होता. तिचं डोकं आपटू नये म्हणून त्यानं कपाटाला उशी लावून धरली होती.

बायकोनं झेप घालून लेकीला उचललं. "आले गं राणी, आई आली."

भिंगरीनं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. "सोड मला. आई कुठंय? मला आई पाहिजे."

"मीच आई आहे गं."

"सोड."

"खाली ठेव तिला," बाबा हळूच म्हणाला. "धरलं की वाढतं."

तिनं ठेवलं. भिंगरी रडत राहिली आणि मग नेहमीसारखी मध्येच लवंडून झोपली. दारात उभ्या राहिलेल्या बाई मागे फिरल्या.

बऱ्याच वेळानं बाबानं विचारलं, "तुला वाटलं, मी मारतो तिला?"

खोटं बोलणं तिला सोपं गेलं असतं. "हो," ती म्हणाली. "वाटलं."

त्यानं मान हलवली आणि तिच्या मनगटावर लावायला मलम आणायला उठला.

दुसऱ्याच दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हे साधं स्वप्न नाही. मूल अर्धवट जागं होतं, पण भानावर येत नाही. बघणाऱ्याचा जीव जातो, मुलाला पत्ताही नसतो. जागं करू नका, आवळून धरू नका, लागणार नाही एवढं बघा. ज्या रात्री शांत झोपली, त्या दिवशी दुपारी झोपली होती का?"

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"शाळेत दुपारची झोप नाही ना? मग अतिदमलेलं मूल असंच झोपतं. दुपारी झोपवा. आणि रोज ज्या सुमाराला होतं, त्याच्या थोडं आधी हलकेच हलवून जरा जागी करा. काही दिवस करून बघा."

आई आता दुपारीच भिंगरीला आणू लागली आणि दोघी एकत्र झोपू लागल्या. रात्री बाबा वेळेआधी तिचे तळवे चोळायचा, ती डोळे किलकिले करून "काय?" म्हणायची आणि वळून झोपायची. चार-पाच रात्री शांत गेल्या. मग एकदा पुन्हा झालं, पण थोडक्यात आवरलं. पुढे आठवडेच्या आठवडे काही झालं नाही.

बाई जिन्यात नजर चुकवू लागल्या होत्या. एकदा बाबानंच त्यांना थांबवलं.

"फोन केलात ते बरोबर केलंत. खरंच कुणी मारत असतं तर?"

"तरी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "भीती वाटली."

"मलाही वाटत होती," तो म्हणाला.

बायकोशी बोलणं मात्र इतकं सोपं नव्हतं. ते 'हो' त्याच्या मनात सलत होतं, आणि ते तिलाही दिसत होतं. मग तिच्या एका रजेच्या रात्री पुन्हा आतून भिंगरीचा हुंदका आला. बाबा उठू लागला. बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू झोप. मी बसते तिच्याजवळ. हात नाही लावणार."

तो आडवा झाला. भिंतीपलीकडून भिंगरीचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यात मिसळलेला बायकोचा हलका आवाज, "आहे मी, इथंच आहे." ती एकटी निभावेल यावर विश्वास टाकणं त्याला जड जात होतं. पण तो उठला नाही.